६३, रू द मोंसो: पॅरिसमधलं कामोंदोंचं घर

पारिजातक

पॅरिसला गेलं की व्हर्साय होतं, लूव्र होतं, आणि पाय दुखेपर्यंत फिरून माणूस घरी येतो. पहिल्या खेपेला माझंही तसंच झालं. या वेळी भाच्याकडे दहा दिवस मुक्काम होता, म्हणून एक अख्खा दिवस मी एकाच घरासाठी काढून ठेवला. मोंसो बागेला लागून असलेलं कामोंदोंचं घर. आता ते संग्रहालय आहे. परत आल्यापासून मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

मोईझ द कामोंदो हा बँकवाला. घराणं इस्तंबूलचं, ज्यू सावकारांचं. १८६९ मध्ये सगळं बिऱ्हाड पॅरिसला आलं तेव्हा मोईझ नऊ वर्षांचा होता. पुढे आईवडिलांचं घर वारशाने त्याच्याकडे आलं. ते त्याने १९११ मध्ये पाडलं आणि त्याच जागेवर रने सर्जाँ या वास्तुरचनाकाराकडून नवं बांधून घेतलं. नमुना ठरला व्हर्सायच्या बागेतला पती त्रियानों, म्हणजे १७६० च्या दशकात राजासाठी बांधलेला छोटा महाल. बाहेरून अगदी शांत, फिकट दगडाचं, सरळ रेषांचं घर आहे. रस्त्याकडे अंगण, मागे बाग.

आपण आधी घर बांधतो आणि मग कपाट कुठे बसेल ते बघतो. मोईझने आधी वर्षानुवर्षं सामान जमवलं आणि मग त्या सामानाच्या मापाने घर बांधायला लावलं. ही एक गोष्ट कळली आणि मला ते घर वाचता यायला लागलं. मोठ्या दिवाणखान्याच्या भिंतींना पांढऱ्या रंगाचं, सोनेरी कोरीवकाम असलेलं लाकडी पॅनेलिंग आहे. ते रू रॉयाल या रस्त्यावरच्या अठराव्या शतकातल्या एका घरातून काढून आणलेलं. म्हणजे त्या खोलीची उंची, खिडक्यांची जागा, दारांची रुंदी हे सगळं त्या जुन्या फळ्यांनी ठरवलं. शेजारच्या खोलीत ज्याँ-बातिस्त ह्युए याची मेंढपाळ मुलामुलींची सात मोठी चित्रं आहेत. त्या चित्रांसाठी सबंध खोलीच गोलसर आखली. आत उभं राहिलं की कुठलं चित्र नंतर टांगलंय असं वाटतच नाही.

दिवाणखान्यातला गालिचा १६७८ मध्ये सावोनरीच्या कारखान्यात विणलेला आहे, लूव्र महालातल्या लांबलचक गॅलरीसाठी, म्हणजे दालनासाठी. चौदाव्या लुईने त्या एका गॅलरीसाठी नव्वदहून जास्त गालिचे सांगितले होते. त्यातला हा एक. मी दोरीच्या अलीकडे वाकून बराच वेळ त्याची कडच बघत बसले. काळ्याशार जमिनीवर पानांची वेलबुट्टी, आणि साडेतीनशे वर्षांनीही तो काळा उठून दिसतो.

आणखी एक सवय लक्षात आली. या माणसाला सगळं जोडीने लागायचं. फुलदाणी एक दिसली की दुसरी तिच्या समोर असणारच. दोन मेणबत्तीदाण्या, दोन कपाटं, दोन खुर्च्या समोरासमोर. जोडीतली एकच हाती लागली तर दुसरीची तो वाट बघायचा.

मला सगळ्यात आवडली ती मात्र लहान खोली. भोजनगृहाला लागून, चिनी मातीच्या भांड्यांची. सेव्रच्या कारखान्यातल्या ताटल्या, प्रत्येकीवर एक पक्षी. ब्युफाँ नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथातली चित्रं बघून ते पक्षी रंगवले आणि पक्ष्याचं नाव ताटलीच्या पाठीमागे लिहिलं. भिंतीला लागून काचेची कपाटं, मध्ये एक टेबल. घरात पाहुणे नसले की मोईझ इथे एकटा जेवायचा.

लग्न मोडलेलं होतं, १९०२ मध्ये घटस्फोट झाला होता. मुलगा निसीम आणि मुलगी बेआत्रिस वडिलांकडेच वाढली. घर १९१४ मध्ये पुरं झालं आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. निसीम सैन्यात गेला, पुढे विमानदळात. ५ सप्टेंबर १९१७ ला लॉरेनच्या आकाशात लढताना तो पडला. पंचवीस वर्षांचा होता. ज्याच्यासाठी हे सगळं मापात बसवलं तोच राहिला नाही. त्यानंतर बापाने धंद्यातून अंग काढून घेतलं, पण वस्तू मिळवणं आणि घर पुरं करत नेणं थांबवलं नाही, १९३५ मध्ये मरेपर्यंत. घर त्याने मुलाच्या नावाने देशाला दिलं. १९३६ च्या डिसेंबरात ते लोकांसाठी उघडलं.

तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? लाकूडकामातलं कळणारं कुणी असेल तर माझे बरेच प्रश्न आहेत.

कसबापेठ

सुरेख लिहिलंत. एक शंका. राजाच्या गॅलरीचा गालिचा खासगी माणसाच्या दिवाणखान्यात आला कसा? हे राष्ट्राचं धन ना?

पारिजातक

@कसबापेठ, फ्रेंच राज्यक्रांतीमुळे. राजघराण्याचं सामान नव्या सरकारला नकोच होतं, पैसा हवा होता. व्हर्सायचं सामान १७९३ च्या ऑगस्टपासून वर्षभर लिलावात निघत होतं, सतरा हजारांहून जास्त लॉट. पलंग, खुर्च्या, पडदे, स्वयंपाकाची भांडी, सगळं. बरंचसं परदेशी गेलं, विशेषतः इंग्लंडला. पुढच्या शंभर वर्षांत ते हळूहळू पुन्हा बाजारात येत गेलं, आणि मोईझसारखे लोक ते एक-एक करून परत पॅरिसला आणत होते. व्हर्सायला आज गेलं तर कित्येक खोल्या ओक्याबोक्या वाटतात, त्याचं कारण हेच.

रंधा

नमस्कार. आमचं तीन पिढ्यांचं फर्निचरचं काम, नाशिकला. वडील अजून रोज कारखान्यात येतात. मी २०१९ मध्ये हे घर पाहिलंय, म्हणून राहवलं नाही.

त्या काळच्या पॅरिसमध्ये खुर्ची करणारा सुतार वेगळा आणि विनियरचं कपाट करणारा वेगळा. दोघांची कामं कायद्यानेच वेगळी होती. खुर्चीवाला भरीव लाकडात काम करायचा, बहुतेक बीच नावाच्या झाडाच्या. कपाटवाला आतला सांगाडा ओकचा करायचा आणि वरून दूरदेशीच्या लाकडांचे पातळ पापुद्रे चिकटवायचा. दक्षिण अमेरिकेतलं जांभळट लाकूड, गुलाबी पट्ट्यांचं लाकूड, असं. ते पापुद्रे हाताने करवतून काढलेले, आजच्या मशीनच्या विनियरपेक्षा कितीतरी जाड. चिकटवायला सरस. त्या कपाटाला पितळेचं किंवा काश्याचं नक्षीकाम लागलं तर तेही सुताराने करायचं नाही. ओतारी वेगळा, मुलामा देणारा वेगळा. म्हणजे एका कपाटावर चार-पाच कारखान्यांचे हात फिरायचे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून कारागिराला आपलं नाव लोखंडी ठशाने लाकडात उठवणं सक्तीचं झालं. खुर्ची उलटी केली तर बैठकीच्या चौकटीखाली तो ठसा सापडतो. फक्त थेट राजाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना त्यातून सूट होती.

तिथे ओबेन आणि रीझनर या दोघांचं काम बघायला मिळतं. दोघेही मूळचे जर्मन. रीझनर हा ओबेनच्या कारखान्यात कामाला होता. ओबेन गेल्यावर त्याने कारखाना सांभाळला आणि पुढे त्याच्या विधवेशी लग्न केलं. पंधराव्या लुईचं प्रसिद्ध गोल झाकणाचं टेबल ओबेनने १७६० मध्ये हाती घेतलं आणि रीझनरने १७६९ मध्ये पोचवलं. नऊ वर्षं, एका टेबलाला! हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग गिऱ्हाईकही तसंच पाहिजे."

पारिजातक

@रंधा, तुमचीच वाट बघत होते. त्या सोनेरीबद्दल सांगा ना. मला दोन तऱ्हेचं सोनं दिसलं. भिंतीवरचं मऊ, थोडं लालसर. कपाटावरच्या धातूचं मात्र कडक, चमकणारं.

रंधा

बरोबर बघितलंत, ती दोन वेगळी कामं आहेत.

लाकडावर वर्ख. आधी खडूची पूड आणि सरस यांचे एकावर एक थर द्यायचे. त्याने कोरीवकाम बुजतं, म्हणून वाळल्यावर बारीक हत्यारांनी ते पुन्हा मोकळं करायचं. हे काम मूळ कोरण्याइतकंच नाजूक. मग लालसर चिकणमातीचा हात. ती ओली करून वर वर्ख ठेवायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटायचा. तुम्हाला जो लालसरपणा दिसला तो खालच्या मातीचा. पानाची शीर घोटलेली आणि पानाचा पोटभाग न घोटता मंद ठेवलेला असतो, त्यामुळे एकाच सोन्यात दोन छटा निघतात. त्या दिवाणखान्यात सकाळी खिडकीजवळून बघाल तर हे स्पष्ट दिसतं.

धातूवरचं सोनं म्हणजे पाऱ्याचा मुलामा. सोनं पाऱ्यात मुरवून लोणी करायचं, ते धातूवर फासायचं आणि विस्तवावर धरायचं. पारा वाफ होऊन उडतो, सोनं राहतं. ती वाफ श्वासात जायची. हे काम करणाऱ्यांचे हात कापायला लागायचे, दात पडायचे, तरुणपणीच माणूस संपायचा. मी त्या घरात प्रत्येक हँडल बघताना हाच विचार करत होतो. वस्तूवर कपाटवाल्याचा ठसा असतो. मुलामा देणाऱ्याचं नाव सहसा कुठेच नसतं.

निळावंती

धागा आवडला, पण मला या घराबद्दल पूर्वीपासून एक अडचण वाटते, ती मांडते. १९११ मध्ये त्याच पॅरिसमध्ये पिकासो चित्रकलेची सगळी मोडतोड करत होता. आणि हा गृहस्थ १७८० सालात राहायला निघाला. त्याचाच चुलतभाऊ इझाक द कामोंदो माने, देगा, सेझान या नव्या चित्रकारांची चित्रं विकत घेत होता, लोक हसत असताना. मानेचा तो बासरी वाजवणारा लष्करी पोरगा इझाकच्या संग्रहातला. १९११ मध्ये तो वारला आणि सगळं लूव्रला मिळालं. एकाच घराण्यातली ही दोन माणसं. मला इझाक जास्त जवळचा वाटतो. मोईझच्या घरात भूतकाळाची फार निगुतीने केलेली प्रतिकृतीच आहे.

पारिजातक

@निळावंती, इझाकबद्दल शंभर टक्के मान्य. ती नजर दुर्मीळ होती. पण प्रतिकृती हा शब्द मला पटत नाही. प्रतिकृती करणारा नवं सामान जुन्यासारखं घडवून घेतो, आणि त्या काळी पॅरिसमध्ये ते सर्रास चाललं होतं. मोईझने अस्सल तुकडे मिळवले आणि त्यांना पुन्हा राहता येईल अशी जागा दिली. क्रांतीनंतर खुर्ची एका देशात, तिची जोडीदार दुसऱ्या देशात, पॅनेलिंग कुठल्याशा गोदामात, अशी सगळी पांगापांग झालेली होती. पांगलेलं घर परत नांदवायचं, असं काहीतरी त्या माणसाच्या डोक्यात असावं असं मला वाटतं. त्याचं स्वतःचं घरही मोडलेलं होतंच.

शिवाय राहणं मात्र त्याने विसाव्या शतकातलंच ठेवलं. खालच्या मजल्यावर उतरलात तर कळेल. पांढऱ्या फरशांच्या भिंती, ओतीव लोखंडाची प्रचंड चूल, तांब्याच्या भांड्यांची रांग. वास वर दिवाणखान्यात जाऊ नये अशी रचना. मालकांसाठी लिफ्ट वेगळी, नोकरांची वेगळी. सबंध घर गरम ठेवायची यंत्रणा. न्हाणीघरं तर आज बांधली असावीत इतकी स्वच्छ, निळ्या-पांढऱ्या फरशांची. माणूस वेड्यासारखा मोटारींचा शौकीन होता.

निळावंती

"पांगलेलं घर परत नांदवायचं" यावर विचार करावा लागेल. स्वयंपाकघर मी पाहिलं नाही, घाईत होते. पुढच्या वेळी नक्की.

बोस्फरस

मी नोकरीनिमित्त इस्तंबूलला असतो. रोज ज्या पायऱ्या उतरतो त्यांचं नाव कामोंदो पायऱ्या! गलाता भागात, बँकांच्या रस्त्यावरून वर जाणारा दुहेरी वळणांचा दगडी जिना. मोईझच्या पणजोबांनी, अब्राहम सालोमोन कामोंदो यांनी बांधवून घेतला. दोन्ही बाजूंनी वळत वर जातो, मधोमध एकत्र येतो, परत फाकतो. म्हातारबाबा वारले पॅरिसला १८७३ मध्ये, पण दफन इथे इस्तंबुलात, हास्क्योयला. त्यांची तशी इच्छा होती. आता तुमचा धागा वाचून पॅरिसचं टोकही बघावंसं वाटतंय.

माडीवरची

मुलाच्या नावाने संग्रहालय हे वाचताना पुण्यातलं केळकर संग्रहालय आठवल्याशिवाय राहिलं नाही. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, फण्या, दरवाजे जमवले आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्या सगळ्याला दिलं. पुढे ते सरकारच्या स्वाधीन केलं. कोथरूडचा मस्तानी महाल तर त्यांनी तुकड्यातुकड्याने आणून तिथे परत उभा केला, अगदी तुम्ही सांगितलेल्या रू रॉयालच्या फळ्यांसारखा. एकाकडे राजाचे गालिचे, दुसऱ्याकडे घराघरातले अडकित्ते. ऐपत वेगळी, पण दोघांनी पोराच्या नावापुढे जे मांडलं ते सारख्याच जिवाने मांडलं. माझी आजी शनिवारात राहायची. मी लहानपणी त्या महालाच्या खोलीत शिरले की आपोआप गप्प व्हायचे.

कसबापेठ

@माडीवरची, अगदी अगदी. मी शाळेच्या सहलीतून गेलो होतो. आता लेकीला घेऊन जातो.

चित्रवेल

या घराच्या गोष्टीतलं एक चित्र राहिलं. रेनॉयरने १८८० मध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचं चित्र काढलं, लालसर लांबसडक केस, निळा फ्रॉक, मागे हिरवी झाडी. ती इरेन काआँ दांव्हेर. हीच मोठी होऊन मोईझची बायको झाली, १८९१ मध्ये. पुढे ती एका इटालियन सरदारासाठी घर सोडून गेली.

चित्र लेकीकडे, बेआत्रिसकडे आलं. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर ते लुटून नेलं. आणि बेआत्रिसचं काय झालं हे कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहिते. तिचा नवरा लेओं रेनाक, मुलगी फानी, मुलगा बेरत्राँ यांना १९४३ च्या नोव्हेंबरात ड्रान्सीच्या छावणीतून आउश्वित्झला पाठवलं. तिला मार्च १९४४ मध्ये. कुणीही परत आलं नाही. भावाने फ्रान्ससाठी जीव दिला होता, बापाने अख्खं घर फ्रान्सला दिलं होतं. तरी फ्रान्सच्याच पोलिसांच्या राज्यात हे झालं. चित्र मात्र सापडलं. ते इरेनला परत मिळालं आणि तिने ते विकलं. आज ते झ्युरिकला आहे.

पारिजातक

@चित्रवेल, मुद्दाम नव्हतं लिहिलं. मूळ धाग्यात ते लिहायला घेतलं की हात थांबायचा. बरं झालं तुम्ही लिहिलंत. अंगणात शिरताना बेआत्रिस आणि तिच्या कुटुंबाच्या नावाची पाटी आहे. मी आत जाताना वाचली, आणि मग दिवसभर प्रत्येक खोलीत ती बरोबर होती.

निळावंती

माझा वरचा प्रतिसाद परत वाचला. इझाक मला अजूनही आवडतो. पण प्रतिकृती हा शब्द मागे घेते.

मावळतीकर

माहितीसाठी: मेट्रोचं मोंसो किंवा व्हिलिये स्टेशन, तिथून चालत पाच-सात मिनिटं. २०२४ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी घर बंद केलं होतं, तेव्हा जाण्याआधी उघडं आहे याची खात्री करून घ्या. आणि एक प्रश्न: वस्तू हलवत नाहीत, मांडणी बदलत नाहीत, हे खरं का?

पारिजातक

@मावळतीकर, हो. देणगीची अटच ती आहे. मृत्युपत्र १९२४ चं. काहीही बाहेर उसनं द्यायचं नाही, मांडणी आहे तशी ठेवायची, आणि घर नीट झाडूनपुसून ठेवायचं. म्हणूनच इथल्या वस्तू दुसऱ्या कुठल्याही प्रदर्शनात दिसत नाहीत. रशियाच्या येकातेरीना राणीने १७७० मध्ये सांगितलेल्या आणि मर्जीतल्या ओरलॉफला दिलेल्या चांदीच्या भांड्यांतले काही नग भोजनगृहात आहेत. ते बघायचे तर तुम्हालाच तिथे जावं लागतं. जड पडदे, उन्हाला आडोसा, खोल्यांत उजेड बेताचाच. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या.

रंधा

पुढच्या वर्षी वडिलांना घेऊन जायचं ठरतंय. त्यांचं वय ७८. त्यांचा प्रश्न आहे, खण उघडून आतलं ओकचं काम आणि सांधे बघता येतील का?

पारिजातक

@रंधा, खण उघडता येत नाहीत, बहुतेक खोल्यांत दोरी आहे. पण ज्या कपाटांच्या बाजूला आरसा आहे तिथे वाकून बघायला सांगा. मला एका ठिकाणी आरशात कपाटाची पाठ दिसली. बिनपॉलिशचं साधं लाकूड, रंध्याच्या ओळी तशाच. बाबांना त्या ओळी माझ्यापेक्षा चांगल्या वाचता येतील. आल्यावर इथे नक्की लिहा, ते काय म्हणाले ते.